शोकेसकाकांची पाठ

पन्नाशीला टेकलेला, डोक्यावरचे निम्मे केस गमावलेला, घरसंसार असलेला माणूस सुट्टीच्या सकाळी इमारतीमागच्या अंगणात चिखलावर पालथा पडून वीतभर बाहुलीचे फोटो काढतोय, हे बघण्याचं भाग्य जगातल्या किती बापांना लाभत असेल कोण जाणे. शोकेसकाकांना ते त्या हिवाळ्यात दर रविवारी लाभत होतं. तेही पहिल्या मजल्याच्या खिडकीतून, उशी लावलेल्या खुर्चीत बसून, फुकट.

"पडले चिरंजीव!" काका घरातल्या घरात जाहीर करत. "सूनबाई, या लवकर. पहिला अंक सुरू झाला."

सूनबाई येत नसे. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बाई. आठवडाभर लोकांच्या पोटदुख्या ऐकून तिचे कान किटलेले असत. रविवारी तिला सासऱ्यांची पोटदुखी ऐकायची हौस नव्हती. "बाबा, चहा गार होतोय," एवढंच ती आतून म्हणे.

"चहा गार होतोय, आणि नवरा चिखलात गार होतोय. चहाची काळजी आहे, बरं का." हे मात्र काका हळू म्हणत, कारण चहा तिच्या हातात होता.

त्यांना शोकेसकाका हे नाव दुकानानं दिलेलं. गावातलं सगळ्यात मोठं कपड्यांचं दुकान, रस्त्याच्या तोंडाशी, दर्शनी बाजूला चार भल्यामोठ्या काचा. त्या काचांमागचे पुतळे अख्ख्या नोकरीभर काकांच्या ताब्यात होते. पुतळा उजव्या खांद्यावर टाकायचा, गोदामातून काचेपर्यंत आणायचा, उभा करायचा, हात लावायचे, कपडे चढवायचे, दिवे सोडायचे. आता कपडा पुतळ्याला कधीच बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगून ठेवतो. पुतळा सडपातळ, आणि सदरा शिवलेला तुमच्या-आमच्यासारख्या सुटलेल्या पोटासाठी. मग काय करायचं? सगळा जादा कपडा मागे ओढायचा, चिमटीत धरायचा आणि टाचण्या मारायच्या. समोरून राजबिंडा, मागून साळिंदर. गिऱ्हाईक काचेच्या पलीकडून बघणार, त्याला साळिंदर दिसत नाही. तो आत येतो, तोच सदरा घेतो, घरी जाऊन घालतो आणि आरशात बघून बायकोवर चिडतो.

"पाठ कोण बघतं?" हे काकांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं, आणि त्यांनी ते दुकानापुरतं ठेवलं नव्हतं. घराला रंग काढला तर दारासमोरची भिंत झकास, कपाटामागची तशीच. कोटाच्या आत घालायच्या सदऱ्याची पुढची बाजू कडक इस्त्रीची, मागची वळकटी. काकू होत्या तोवर म्हणत, "ह्यांची पुढची बाजू मी सांभाळते, मागची देव सांभाळतो." काकू गेल्या आणि दोन्ही बाजू देवाकडे आल्या.

देवानं मग थोडं दुर्लक्ष केलं. पावसाळा सरल्यावर एक दिवस काका बाहेर गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आत कसली तरी धातूची वस्तू बसवली. घरी आल्यावर काकांनी जो भेटेल त्याला हकिगत सांगितली. बँकेसमोर पडलो. फरशी ओली होती. एक सायकलवाला अंगावर आला. त्याला वाचवायला गेलो म्हणून मी पडलो. तिसऱ्या आठवड्यात सायकलवाल्याच्या मागे एक लहान मुलगी बसली, चौथ्या आठवड्यात तिच्या हातात फुगाही आला.

खरी गोष्ट अशी की काका बँकेकडे गेलेच नव्हते. ते गेले होते आपल्या जुन्या दुकानाकडे, नव्या शोकेसला नावं ठेवायला. निवृत्त झाल्यापासून महिन्या-दोन महिन्यांनी ही चैन ते करत. आता काचेमागे जे पुतळे असतात त्यांना मुंडकीच नसतात. मान संपली की खेळ खलास. "माणसाला डोकं नसलं तरी चालतं, हे ह्या मॅनेजरनं स्वतःवरून ठरवलं असणार," असं मनातल्या मनात ठरवत, खूश होत काका वळले, आणि दुकानाच्या पायरीवरून पाय सटकला. पडले ते थेट काचेच्या समोर. वरचे दिवे सगळे त्यांच्यावर. लोक जमले. ज्या जागेवर त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना उभं केलं, तिथे ते स्वतः आडवे मांडले गेले. त्यात भर म्हणून एक पोरगेला विक्रेता दारातून ओरडला, "काकांना जरा बाजूला घ्या हो, गिऱ्हाईक अडतंय!"

हे वाक्य काकांनी कुणाला सांगितलं नाही. खुबा दुखायचा थांबला, वाक्य थांबलं नाही. रात्री कूस वळली की ते ऐकू यायचं.

तर असं झालं की हाड जुळलं, टाके सुकले, वॉकर धरून काका खोलीतून न्हाणीघरापर्यंत झकास जायला लागले, आणि तिथेच त्यांनी मुक्काम टाकला. जिना म्हटला की त्यांना काहीतरी व्हायचं. कधी चक्कर, कधी ढेकर, कधी हवा. व्यायाम करवून घ्यायला एक बाई यायची, तिनं हात टेकले. जाताना ती दारात सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाली, "काका, पाय चांगला आहे. पण हा हिवाळा असाच खुर्चीत काढलात ना, तर पाय चालायचं विसरेल. मग उन्हाळ्यात मला बोलावू नका, उपयोग नाही."

"हवा तर बघा," काका म्हणाले. "असल्या हवेत कोण बाहेर पडेल?"

हवेचं मात्र खरं होतं. त्या वर्षी हिवाळा आला आणि सूर्य रजेवर गेला. सकाळ राखाडी, दुपार राखाडी, संध्याकाळ त्याहून थोडी काळी. अंगणातलं झाड नागडं, भिंतीला ओल, मधोमध एक डबकं, ते ना आटतं ना वाढतं. असल्या हवेत शहाणा माणूस बाहेर पडत नाही. एकटे चिरंजीव पडत.

चिरंजीवांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा, आणि राहायचे ते बिनलिफ्टच्या इमारतीत. तिथूनच त्यांच्या अकलेचा अंदाज येतो, असं काका म्हणत. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उताणं पडून काम करायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी बदल म्हणून पालथं पडायचं. त्यांच्या बाहुल्या पोरींच्या खेळण्यातल्या नव्हेत. मान, खांदा, कोपर, मनगट, गुडघा, घोटा, सगळीकडे सांधे. वळवाल तशा वळतात आणि तशाच राहतात. चिरंजीव त्यांना 'फिगर' म्हणत. डबक्याच्या काठी एक फिगर उभी करायची, कॅमेरा जमिनीला टेकवायचा, आणि फोटोत ते डबकं तळं व्हायचं, दगडाचा डोंगर व्हायचा, गवताचं रान व्हायचं.

"एवढे सांधे आणि एकही दुखत नाही," काका म्हणत. "माझ्या एका खुब्यापायी घर हललं."

एकदा त्यांनी विचारलं होतं, अगदी गोडीत, "काय रे, ऊन पडेपर्यंत थांबशील की नाही? माल दिसायला नको? आम्ही एकेका पुतळ्यावर चार-चार दिवे सोडायचो."

"उन्हात ते प्लास्टिक दिसतं, बाबा," चिरंजीव म्हणाले. "चकाकतं. सावली कडक पडते, लगेच कळतं की खेळणं आहे. मळभ असलं की उजेड सगळीकडून सारखा येतो. मग ते माणूस वाटतं."

"वा! म्हणजे अंधारात ठेवलं की खेळण्याचा माणूस होतो. मलाही ठेवलंयच इथे, बघू काय होतंय."

चिरंजीवांनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघाले. काकांना हेच खटकायचं. टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो निमूटपणे खिशात घालून निघून जावं, यात काय मजा? भांडायला तरी माणूस हवा. काकू होत्या तेव्हा घरात कशी जाग असायची.

आणखी एक गोष्ट काकांना समजत नव्हती. चिरंजीव फोटो काढायचे ते बाहुलीच्या मागून. दर वेळी मागूनच. बाहुली तोंड करून डबक्याकडे, आणि हे शहाणे तिच्या पाठीशी.

"अरे, तोंड केवढं कोरून केलंय, आणि तू पाठ काय काढतोस? पाठ कोण बघतं?"

"मी बघतो," चिरंजीव म्हणाले, आणि बूट घालून खाली गेले. काकांनी खिडकीकडे खुर्ची आणखी जरा वळवली आणि नाक मुरडायला बसले.

एका रविवारी दुपारी सूनबाई फोन घेऊन त्यांच्याजवळ आली. तिचा चेहरा नेहमीपेक्षा उजळलेला. "बाबा, हे बघा. ह्यांच्यासारखी फोटो काढणारी माणसं आहेत ना, त्यांच्या स्पर्धेत ह्यांचा हा फोटो पहिला आलाय."

"म्हणजे असे आणखी आहेत? सरकारला कळवलंय का कुणी?"

"बघा तरी!"

काकांनी चष्मा लावला. फोटोत राखाडी आभाळ, राखाडी पाणी, आणि काठावर पाठमोरा उभा एक म्हातारा. लांब कोट, मान किंचित पुढे, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. म्हातारा पाण्याकडे बघतोय आणि पुढे जावं की नाही ते त्याचं ठरत नाहीये. काका क्षणभर विसरलेच की ही बाहुली आहे. बिचारा कोण हा, घरचं कुणी नाही का याला, असं त्यांच्या मनात आलं, आणि नेमका तेव्हाच तो खांदा त्यांना ओळखू आला. जन्मभर पुतळे वाहून खाली आलेला उजवा खांदा. शिंपी दर वेळी तिथे जास्तीची गादी भरायचा. हा म्हातारा म्हणजे ते स्वतः होते, मागून. घरातल्या लोकांना गेले कित्येक आठवडे त्यांची जी बाजू दिसत होती ती.

डोळे पुसायचे तर सूनबाई समोर, म्हणून त्यांनी फोटो मोठा करून बघण्याचं निमित्त केलं. बोटांनी ताणला, आणखी ताणला. कोटाचं कापड पडदाभर झालं. राखाडी लोकर, आणि तिच्यात बारीक निळा धागा. लांबून दिसत नाही, जवळ गेलं की कळतो.

काकांचे डोळे झटकन कोरडे झाले.

ते कापड त्यांना झोपेतसुद्धा ओळखता आलं असतं. ताग्याचा शेवटचा तुकडा. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी बाजूला काढला होता, काकूंनी हात फिरवून पसंत केला होता, आणि त्याचा लांब कोट शिवला होता. ती गिरणी त्यानंतर बंदच पडली.

"सूनबाई, माझा कोट कुठाय?"

सूनबाईचा उजळलेला चेहरा विझला. "कपाटात आहे की, बाबा."

काकांनी वॉकर ओढला. कपाट उघडलं. कोट होता. हँगरवर, तोंड पुढे करून, कॉलर ताठ, बटणं लावलेली, अगदी शोकेसमध्ये असावा तसा. काकांनी तो फिरवला.

पाठ नव्हती. खांद्याच्या शिवणीपासून खाली सगळी कापून काढलेली. अस्तर तेवढं लोंबत होतं.

"बाबा, ऐका ना," सूनबाई म्हणाली. "तसली बारीक लोकर कुठे मिळेना. ह्यांनी सगळीकडे शोधली. आणि तुम्ही तर आता..." एवढं बोलून तिनं जीभ चावली.

"आता काय? बोल, बोल. आता कुठे जाणार, असंच ना?"

औषधांच्या दुकानात एवढी वर्षं काढूनही सूनबाईकडे त्यावर औषध नव्हतं.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग जाते तेव्हा वाटेत खुबा लागतो, पण त्या दिवशी खुब्यानं तिला अडवलं नाही. त्यांनी तो कोट अंगात चढवला. बटणं लावली, खालपासून वरपर्यंत. कॉलर सारखी केली. वॉकर फेकून दिला, कोपऱ्यातली काठी उचलली, आणि "बाबा, जिना!" असं सूनबाई ओरडेपर्यंत ते जिन्यात होते.

चक्कर आली नाही. ढेकर आला नाही. एका हातात कठडा, एका हातात काठी, आणि तोंडानं चिरंजीवांचा उद्धार. एका पायरीवर "नालायक", पुढच्या पायरीवर "माझ्याच जिवावर", तिसरीवर काय म्हणाले ते इथे लिहिता येत नाही. मागून सूनबाई हात पसरून उतरत होती, पडले तर झेलायला. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. मागच्या दारातून ते बाहेर आले आणि थंड वारा सरळ पाठीला लागला. पुढून कोट, मागून घरातला विटका स्वेटर, त्याला कोपराएवढं भोक.

चिरंजीव डबक्याशी पालथे होते. डोळा कॅमेऱ्याला.

"ऊठ!" काका गरजले.

"एक मिनिट, बाबा," चिरंजीव मान न वळवता म्हणाले. "वारा थांबू दे. तुम्ही जरा डावीकडे सरका, पाण्यात दिसताय."

काका सवयीनं डावीकडे सरकले. मग चिरंजीवांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. आधी बुटांकडे बघितलं, मग काठीकडे, मग वर.

"बाबा? तुम्ही खाली?"

"माझा कोट कापलास."

"कोट?" चिरंजीव उठून बसले. गुडघ्यांपासून हनुवटीपर्यंत चिखल. "कोट तर तुमच्या अंगावर आहे."

यावर काका वळले. आयुष्यात त्यांनी कुणाला मुद्दाम पाठ दाखवली नव्हती. त्या दिवशी दाखवली, आणि तशीच धरून ठेवली. वरच्या खिडक्यांतून दोन-तीन डोकी बाहेर आली होती. येऊ देत.

"जिवंत बापाचा कोट कापलास," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. आवाज फाटला. "विचारायचं तरी. मी काय मेलो होतो?"

मग चिरंजीव बोलले, आणि नवल म्हणजे या वेळी टोमणा खिशात घातला नाही.

"विचारलं होतं. तुम्ही दवाखान्यातून आलात त्या दिवशी. कोट लॉन्ड्रीत देऊ का म्हणून. तुम्ही म्हणालात, देऊन टाक कुणाला तरी, मला आता कुठे मिरवायचंय. आई गेल्यावर तिच्या साड्या देताना तुम्ही ज्या आवाजात बोलला होता ना, त्याच आवाजात. मला द्यायचा नव्हता. म्हणून मी पाठ तेवढी घेतली. तुम्हीच म्हणता, पाठ कोण बघतं."

"ते पुतळ्यांचं!"

"मला लहानपणापासून तुमची पाठच माहीत आहे, बाबा. सकाळी दुकानात जाताना पाठ. काचेच्या आत काम करताना बाहेरून बघायचो, तेव्हा पाठ. आता खिडकीशी बसता, तेव्हाही. मला दुसरं काय काढता येणार?"

काका वळले. इतक्यात वारा आला आणि डबक्याकाठचा तो वीतभर म्हातारा, त्यांच्या कोटाची पाठ अंगात घालून, तोंडावर आपटला. चिरंजीवांनी हात लांब करून त्याला उचललं, चिखल झटकला, घोटा सरळ केला, परत उभा केला. हसले नाहीत, इकडेतिकडे बघितलंही नाही.

"सारखा पडतो?" काकांनी विचारलं.

"दिवसभर."

"मग?"

"मग काय? उचलतो."

काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. पायांना इथवर आणणारा राग संपला होता. "मला भीती वाटते रे," ते म्हणाले. "पडायची नाही. हाड मोडलं त्याचं काही नाही. सगळ्यांसमोर पडायची. मी बँकेसमोर नव्हतो पडलो."

"माहीत आहे. दुकानासमोर."

"तुला कुणी सांगितलं?"

"फोन दुकानातूनच आला होता, बाबा. रुग्णवाहिका दुकानाच्या दारातच उभी होती. मी आलो तेव्हा तुम्ही पायरीपाशी होतात."

"सूनबाईला?"

"तिलाही माहीत आहे. व्यायामवाल्या बाईंना, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीलाही."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"तुम्ही त्या फुगा घेतलेल्या मुलीपर्यंत पोहोचला होतात," दारातून सूनबाई म्हणाली. "म्हटलं बघू, पुढच्या आठवड्यात कोण येतंय."

काकांनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी सून असती तर माहेरी गेली असती. मग त्यांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी कॉलर चाचपली, आणि कॉलरच्या खाली, जुन्या सवयीनं खोचून ठेवलेली टाचण्यांची रांग बोटांना लागली. एक काढून त्यांनी चिरंजीवांपुढे धरली.

"धर. समोर मातीत एक काडी रोव, कोट पुढून ओढून घे आणि टाचणीनं त्या काडीला पक्का कर. वाऱ्यानं हलायचा नाही."

"टाचणी दिसेल, बाबा."

"मागून काढतोयस ना? मग पुढून मार की, बावळटा! आता पुढची बाजू कोण बघतंय?"

चिरंजीवांनी टाचणी मारली. म्हातारा वाऱ्यात उभा राहिला. समोरून त्याचा अगदी साळिंदर झाला होता, पण ती बाजू फक्त डबक्याला दिसत होती.

वर जाणं उतरण्याहून कठीण गेलं, ते सांगण्यात अर्थ नाही. मधल्या वळणावर काका बसले आणि चहा तिथेच मागवला. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उतरले, चिरंजीवांनी टाचणी नीट मारली आहे का ते तपासायला. तिसऱ्या दिवशी दुसरं काही खुसपट काढायला. व्यायामवाल्या बाईला हे कळलं तेव्हा तिनं सगळं श्रेय आपल्याकडे घेतलं, आणि काकांनी ते घेऊ दिलं, कारण तिला खरं सांगायचं म्हणजे कोट फिरवून दाखवावा लागला असता.

राहता राहिली पाठ. एका तितक्याच मळकट सकाळी, गाडी करून, बापलेक दुकानासमोर उतरले. काकांनी तोच कोट घातला होता. चिरंजीवांनी आपलं जाकीट वरून घालायला देऊ केलं, तर ते म्हणाले, "नमुना न्यायचा तर पूर्ण न्यावा." चिरंजीव त्यांच्या मागून इतके चिकटून चालले की दोनदा टाचेवर पाय पडला.

"लांब चाल. काय ते दिसू दे लोकांना."

काचेमागे बिनडोक्याचे पुतळे उभे होते. पायरी तशीच होती. दारात तोच पोरगेला विक्रेता. त्यानं काकांना ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला.

"या काका. कसे आहात? काय दाखवू?"

काकांकडे कित्येक रात्री तयार करून ठेवलेली वाक्यं होती, एकाहून एक जहाल. गिऱ्हाईक आलंय, अडलं तर नाही ना, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. त्यांनी त्या मुलाकडे बघितलं. मुलगा खाली, त्या पायरीकडेच बघत होता.

"कापड दाखव," काका म्हणाले. "पाठीपुरतं."

निळ्या धाग्याची लोकर अर्थातच नव्हती. काकांनी ताग्यांवर तागे उलगडायला लावले, जन्मभराचा सूड उगवावा तसे, आणि शेवटी गडद निळं कापड घेतलं. पुढून राखाडी, मागून निळं. चिरंजीव म्हणाले, बाबा, हे वेगळं दिसेल. काका म्हणाले, दिसू दे, मागून बघणारी माणसं निघालीत आता जगात, त्यांचाही विचार करायला हवा.

निघताना ते दारात थांबले. बाहेर तेच आभाळ, ऊन नाही, सावली नाही. पिशवी चिरंजीवांच्या हातात, आणि कोटाला अजून पाठ लागायची होती.

"काय रे," काकांनी मान न वळवता विचारलं. "मागून कसा दिसतो मी?"

चिरंजीवांनी नीट बघितलं. घाई केली नाही.

"चालायला निघालेले दिसताय, बाबा."

यावर काहीतरी झणझणीत बोलायचं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर ती पायरी होती, आणि आधी ती उतरायची होती.